दोन एव्हान्स: एक लेफ्टनंट, एक पेटी ऑफिसर

कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेबद्दल वाचताना एका ठिकाणी हमखास गोंधळ होतो. एव्हान्स नावाचा माणूस ध्रुवावरून परतताना मरतो, आणि पाच वर्षांनी एव्हान्स नावाचाच माणूस इंग्लिश खाडीत जर्मन विनाशिकेवर आपली नौका घालतो. ही माणसे अर्थातच दोन आहेत: मोहिमेत एडगर पेटी ऑफिसर होता आणि एडवर्ड लेफ्टनंट; परतताना मेला तो एडगर. पण दोघेही ई. एव्हान्स, दोघेही रॉयल नेव्हीतले, दोघेही ‘टेरा नोव्हा’ जहाजाने गेलेले. ‘वेल्सचा एव्हान्स’ म्हणूनही सुटका होत नाही, कारण एडगर वेल्समधल्या ऱ्होसिलीचा, तर लंडनमध्ये जन्मलेल्या एडवर्डने मोहिमेसाठी पैसा उभा केला तो वेल्समधल्याच कार्डिफमधून. खरी खूण आहे ती नावाआधीच्या हुद्द्यात, आणि दोघांचे पुढे काय झाले याचा बराचसा उलगडाही तिथेच होतो.

एडगर १८७६ चा. १८९१ मध्ये तो पोरसवदा वयात खलाशी म्हणून भरती झाला आणि पेटी ऑफिसर झाला. या शब्दातल्या ‘ऑफिसर’ने फसू नये, आपल्याकडच्या लष्करी भाषेत सांगायचे तर हा साधारण हवालदार, सुभेदारसुद्धा नव्हे. एडवर्ड १८८० चा. व्यापारी जहाजांसाठी अधिकारी घडवणाऱ्या ‘वूस्टर’ या प्रशिक्षण जहाजावर शिकून तो नौदलात मिडशिपमन झाला, म्हणजे पहिल्या दिवसापासून अधिकाऱ्यांच्या शिडीवर उभा राहिला. स्कॉटच्या १९०१ ते १९०४ च्या पहिल्या मोहिमेत एडगर ‘डिस्कव्हरी’ जहाजावर होता आणि एडवर्ड तिच्या मदतीला धाडलेल्या ‘मॉर्निंग’वर. १९१० मध्ये एडवर्ड स्वतःची मोहीम काढायच्या बेतात होता. तो बेत सोडून तो स्कॉटचा उपप्रमुख झाला. एडगरला स्कॉटने आपला जुना, भरवशाचा गडी म्हणून घेतले, इतका भरवशाचा की न्यूझीलंडमध्ये दारूच्या नशेत जहाजावर चढताना तो पाण्यात पडला, तेव्हा आधी काढून टाकूनही स्कॉटने त्याला परत घेतले. एडवर्डला ते मुळीच रुचले नाही.

अंटार्क्टिकातल्या ज्या भूशिराला एडवर्डच्या सन्मानार्थ ‘केप एव्हान्स’ हे नाव दिले गेले, तिथे मोहिमेचे लाकडी घर होते. त्या एकाच छपराखाली सामानाच्या खोक्यांची भिंत रचून अधिकारी व शास्त्रज्ञ एका बाजूला आणि खलाशी दुसऱ्या बाजूला राहत. म्हणजे केप एव्हान्सवरचा एक एव्हान्स भिंतीच्या अलीकडे झोपत होता आणि दुसरा पलीकडे.

ध्रुवाच्या वाटेवर मात्र हुद्द्याने कौल उलटा दिला. ध्रुव सुमारे २७० किलोमीटर उरला असता, ४ जानेवारी १९१२ रोजी, स्कॉटने उपप्रमुखालाच माघारी धाडले आणि एडगरला पुढे नेले. इतकेच नव्हे, तर एडवर्डच्या तुकडीतला बॉवर्स पाचवा गडी म्हणून काढून घेतला. (हा बॉवर्स रॉयल इंडियन मरीनचा, म्हणजे मुंबईत मुख्यालय असलेल्या दलाचा अधिकारी होता.) एडवर्ड मोटार-स्लेज (बर्फावरच्या मोटारीच्या घसरगाड्या) बंद पडल्यापासून, नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून, स्वतः ओझे ओढत होता, हे ध्यानात घेतले तर निर्णय अगदीच अकारण नव्हता. पण एडगरची निवड तरी अचूक होती का? ३१ डिसेंबरला स्लेज आखूड करताना त्याच्या हाताला खोल जखम झाली होती आणि ती त्याने लपवून ठेवली होती. माझ्या मते तिची चौकशी न होणे हीच त्या निवडीतली मोठी चूक.

फेब्रुवारीत दोघेही मरणाच्या दारात होते, एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर. १७ तारखेला बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी एडगर मागे पडला. सोबती परत फिरले तेव्हा तो गुडघ्यांवर होता, कपडे विस्कटलेले, हात उघडे आणि हिमदंश झालेले. त्या रात्री तंबूत तो गेला. १८ तारखेला उत्तरेकडे, स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) स्लेजवर आडवा पडलेल्या एडवर्डला त्याच्या तुकडीतल्या लॅशलीच्या हवाली करून दुसरा सोबती टॉम क्रीन तीन बिस्किटे आणि चॉकलेटच्या दोन कांड्या खिशात घालून एकटा निघाला आणि अठरा तासांत ५६ किलोमीटर चालून त्याने मदत आणली. आपल्याला सोडून जा, हा एडवर्डचा हुकूम दोघांनीही आधीच मोडला होता. अधिकारी वाचला तो खलाशांनी हुकूम मोडल्यामुळे.

पुढची कारकीर्द अर्थात एकाचीच. एडवर्ड त्याच वर्षी कमांडर झाला. २० एप्रिल १९१७ च्या रात्री डोव्हरजवळ त्याची ‘ब्रोक’ व तिच्यासोबतची ‘स्विफ्ट’ या दोन नौकांची सहा जर्मन विनाशिकांशी गाठ पडली. ‘ब्रोक’ने ‘जी-४२’ला धडक दिली, दोन्ही जहाजे एकमेकांत अडकली आणि डेकवर तलवारी-पिस्तुलांची हातघाई झाली. याबद्दल त्याला कॅप्टनपद मिळाले. या बढतीचे मोल मोठे, कारण कॅप्टनपदापर्यंत निवड होत असे, तर त्यावर ज्येष्ठतेने नंबर लागे. १९२८ मध्ये तो रिअर ॲडमिरल झाला त्याचे बीज या रात्रीत आहे. १९३३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत ब्रिटनचा हंगामी हाय कमिशनर (सरकारी प्रतिनिधी) असताना, एका गोऱ्याला फटके मारल्याच्या आरोपावरून बेचुआनालँडमधल्या (आजचे बोत्स्वाना) एका जमातीचा कारभारी प्रमुख त्शेकेदी खामा याला पदावरून दूर करण्यासाठी त्याने नौसैनिक आणि तोफा वाळवंटात नेल्या, आणि थोड्याच आठवड्यांत त्शेकेदी पुन्हा गादीवर आला. हा प्रकार शोभण्यासारखा नव्हता. १९४५ मध्ये तो लॉर्ड माउंटएव्हान्स झाला, म्हणजे निदान तिथून पुढे तरी घोटाळा संपतो.

पेटी ऑफिसरांना अधिकारी होण्याची वाट मोकळी करणारी ‘मेट’ योजना आली १९१२ मध्येच, म्हणजे एडगर गेला त्याच वर्षी. पोर्ट्‌समथच्या नौदल तळावरील एका इमारतीला १९६४ मध्ये एडगरचे नाव देण्यात आले. ऱ्होसिलीच्या चर्चमधली संगमरवरी पाटी मात्र त्याच्या विधवेने, लोइसने, स्वतः लावलेली आहे.