काडतुसांची टंचाई: परवान्यावरील मर्यादा वाढवून घेण्याची प्रक्रिया, लागणारी कागदपत्रे आणि घरी काडतूस भरण्याचा प्रश्न

भात पोटरीला आले की रानडुकरांचे कळप शेतात उतरू लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत विक्रेत्याकडे बारा बोअरची, म्हणजे छऱ्याच्या बंदुकीची, काडतुसे नसतात, हा अनुभव कोकणातल्या पीकसंरक्षण परवानाधारकांना नवा नाही. नेमबाजांची अडचण वेगळी आहे, कारण त्यांची पॉइंट टू टूची (०.२२ इंच मापाच्या रायफलची) चांगली काडतुसे बहुतांशी परदेशातून येतात आणि एक खेप लांबली की सरावाचे वेळापत्रक कोलमडते. अशा वेळी दोन प्रश्न हमखास विचारले जातात: जास्त काडतुसे घेऊन ठेवता येतील का, आणि वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरता येतील का. दोन्हींची उत्तरे विक्रेत्याच्या फळीवर नसून आपल्या परवान्यात आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

परवाना उघडून दारूगोळ्याचा रकाना पाहावा. तेथे एका वेळी जवळ बाळगण्याची आणि वर्षभरात खरेदी करण्याची अशा दोन मर्यादा नोंदलेल्या असतात. बरेच परवानाधारक दुसरा आकडा लक्षात ठेवतात आणि पहिला विसरतात. समजा एका वेळची मर्यादा २५ आणि वर्षाची ५० आहे, आणि घरी २० काडतुसे शिल्लक आहेत, तर विक्रेता तुम्हाला पाचच देऊ शकतो. वर्षाची मर्यादा शिल्लक असली तरी त्याचा येथे उपयोग नाही. प्रत्येक खरेदीची तारीख आणि संख्या विक्रेता परवान्यावर लिहितो व सही-शिक्का मारतो. मर्यादावाढीचा अर्ज तपासताना अधिकारी आधी हीच पाने पाहतात, त्यामुळे नोंद पुसट असेल किंवा सही राहिली असेल तर ती दुकानातून निघण्यापूर्वीच नीट करून घ्यावी.

महाराष्ट्रात पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, आणि इतरत्र जिल्हाधिकारी म्हणजेच जिल्हादंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात. मर्यादावाढीसाठी त्यांच्याकडे अर्ज करावा लागतो. ज्याचा परवाना चालू मुदतीत आहे, ज्याच्या परवान्याला शस्त्रपरवान्यांच्या राष्ट्रीय माहितीकोशातील यूआयएन, म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक, मिळालेला आहे आणि ज्याची मागणी मूळ परवान्याच्या कारणाशी जुळते, त्याचा अर्ज टिकतो. पीकसंरक्षणासाठी घेतलेल्या परवान्यावर नेमबाजीच्या सरावासाठी काडतुसे मागितली, तर अर्ज फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे, तरी नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी द्यावा. मुदत संपत आली असेल तर मर्यादावाढीची विनंतीही त्याच सुमारास करणे सोयीचे जाते.

अर्जासोबत मूळ परवाना व त्याच्या सर्व पानांच्या प्रती, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे आणि आधीच्या खरेदीच्या पावत्या जोडाव्यात. याशिवाय गरज सिद्ध करणारे कागद लागतात, आणि अर्जाचे खरे बळ त्यांच्यातच असते. शेतकऱ्याने सातबारा, आठ-अ आणि वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे जोडावेत. नुकसानभरपाई मिळाली नाही म्हणून पंचनामा फेकून देणारे पुष्कळ आहेत. तो कागद इथे मोलाचा ठरतो. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे, त्यासाठी वनखात्याची स्वतंत्र परवानगी लागते, हे विसरू नये.

नेमबाजाने आपल्या रायफल संघटनेचे पत्र, स्पर्धांतील गुणपत्रके आणि आपण खेळत असलेल्या नेमबाजी प्रकाराची नोंद द्यावी. सरावासाठी वर्षभरात किती काडतुसे घेता येतात हे शस्त्र नियम, २०१६ मधील नियम ४० नुसार नेमबाजाच्या श्रेणीप्रमाणे ठरते, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने हे प्रमाण बरेच वाढवले आहे. जुन्या परवान्यावर अजून आधीचाच आकडा असेल, तर तो बदलून घेण्यासाठी अर्ज करावा. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून नेम धरण्याच्या) प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्याच्या पात्रता फेरीतच ६० मोजल्या जाणाऱ्या गोळ्या झाडाव्या लागतात. त्यामागच्या सरावाला काही डझन काडतुसे पुरणार नाहीत, हे अधिकाऱ्याला कागदावर दाखवून द्यावे लागते.

अर्ज नामंजूर झाल्यास कारणे लेखी मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १८ प्रमाणे ३० दिवसांत अपील करता येते. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध ते विभागीय आयुक्तांकडे, तर पोलीस आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्याच्या गृह विभागाकडे जाते.

टंचाईत शेजारच्या परवानाधारकाकडून चार काडतुसे उसनी घेण्याची रीत गावोगाव दिसते आणि तीत कोणाला काही गैरही वाटत नाही. कायदा मात्र स्पष्ट आहे. खासगी वापराची काडतुसे दुसऱ्या पात्र व्यक्तीला द्यायची झाल्यास आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते.

आता घरी काडतूस भरण्याविषयी. बारा बोअरचे रिकामे काडतूस हातात घेऊन पाहावे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या काडतुसावर पितळी बुडाशी ‘केएफ’ ही अक्षरे असतात, मधोमध टोपीवर (दारू पेटवणाऱ्या भागावर) घोड्याचा खळगा उमटलेला असतो आणि प्लॅस्टिकच्या नळीचे तोंड फुललेले असते. नळी चांगलीच दिसते, म्हणून मोह होतो. परंतु अधिनियमातील ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात, तर कलम ५ प्रमाणे उत्पादनाला स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे उत्पादनाचा परवाना नव्हे. विनापरवाना उत्पादनाला २०१९ पासून किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. दारूला स्फोटकांचा कायदा लागू होतो तो वेगळाच. म्हणून परवाना प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय या वाटेला जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो.

नेमबाजांपुरता हा प्रश्न बव्हंशी मिटलेलाच आहे, कारण पॉइंट टू टूच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि घोड्याने ती कड एकदा चेपली की ते काडतूस पुन्हा भरण्याजोगे राहत नाही. बारा बोअरमध्ये दारू जास्त झाली तर बंदुकीची नळी फुटते. कमी पडली तर डाट (दारू आणि छरे यांमधला बोळा) बंदुकीच्या नळीतच अडकतो आणि पुढचा बार हातावर येतो. ठासणीच्या बंदुकीची गोष्ट निराळी आहे, कारण दर बाराला दारू ठासणे हीच तिची रीत. पण तिची दारू आणि टोप्याही परवान्यावर नोंदवून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्याव्यात, फटाक्यातली दारू तिच्यात कदापि घालू नये.

मर्यादावाढीचा निर्णय येईपर्यंत नेमबाजाने रिकाम्या रायफलवर घोडा दाबण्याचा आणि १० मीटर एअर रायफलचा सराव वाढवावा. तिला काडतूस लागत नाही. शेतकऱ्याने पावसाळ्यापूर्वीच, म्हणजे वैशाख-ज्येष्ठात, खरेदी उरकावी. निवडणुकीच्या काळात शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा तो काळ टाळून अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.