रंग सर्वांत शेवटी: जुन्या मोटारीच्या डागडुजीमागचे विज्ञान

बेळगाव जिल्ह्याच्या एका टोकाला कणकुंबी आहे, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो; दुसऱ्या टोकाला अथणी आहे, जिथे तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर थांबतो. एकाच वर्षी एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन पद्मिनी मोटारी या दोन गावी तीस-चाळीस वर्षे राहिल्या, तर त्यांच्या इंजिनांत आज फारसा फरक आढळणार नाही. पत्र्यात मात्र इतका फरक पडलेला असेल की एकीची दुरुस्ती आवाक्यातली आणि दुसरीची आवाक्याबाहेरची ठरावी. जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस बहुधा आधी इंजिन सुरू करून आवाज ऐकतो, मग रंगावरून हात फिरवतो आणि जमले तर शेवटी वाकून खाली पाहतो. पैशाचा विचार केला तर हा क्रम नेमका उलटा हवा.

याचे कारण गाडीच्या बांधणीत आहे. मूळ फियाट ११०० वर आधारलेली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी असो, किंवा १९५८ ते २०१४ अशी प्रदीर्घ कारकीर्द लाभलेली अँबेसेडर असो, या दोहोंना जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे वजन पेलणारी खालची चौकट, नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पेट्या, छताचे खांब आणि पुढच्या चाकांभोवतीची कवचे ही सगळी एकमेकांना वेल्ड करून जो सांगाडा तयार होतो, तोच सारे वजन पेलतो. अशा गाडीत दाराखालची पेटी कुजली, तर केवळ शोभा जात नाही, आधारच जातो. याउलट स्टँडर्ड हेराल्ड किंवा महिंद्राच्या जुन्या जीप यांना स्वतंत्र चेसिस असल्यामुळे वरची बॉडी सोडवून दोन्ही भागांवर निरनिराळे काम करता येते. तरीही मर्यादित खर्चात छंद जोपासणाऱ्याने पद्मिनी किंवा अँबेसेडरच निवडावी, असे माझे मत आहे. कारण हेराल्डची बांधणी सोयीची असली तरी तिचे सुटे भाग शोधण्यातच माणूस थकतो.

गंज म्हणजे लोखंड हवेत नुसते झिजणे नव्हे, ती एक विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पत्र्यावर पाण्याचा पातळ थर बसला की त्याच पत्र्याचा एक भाग ऋणाग्रासारखा व दुसरा धनाग्रासारखा वागू लागतो. एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात आणि दुसऱ्या ठिकाणी ते इलेक्ट्रॉन हवेतल्या प्राणवायूच्या कामी येतात. येथे एक गोष्ट सहजासहजी पटत नाही, पण ती महत्त्वाची आहे: जिथे प्राणवायू कमी पोचतो, तिथले लोखंड अधिक विरघळते. त्यामुळे उघडा, वारा लागणारा पत्रा तुलनेने टिकतो, आणि मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटून राहिलेल्या तांबड्या मातीच्या गोळ्याखाली पत्र्याची चाळण होते. खानापूर-जांबोटीकडची माती पावसाळ्यात एकदा चाकावरून उडून वर बसली की दिवाळीपर्यंत आतून ओलीच राहते. शिवाय तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेला गंज त्या जोडाला आतून फाकवतो आणि पाण्याला नवी वाट करून देतो.

गोवा किंवा कारवारकडून आलेली गाडी आणखी बारकाईने तपासावी. समुद्राच्या वाऱ्यातील मिठामुळे पाण्याच्या थराची वीजवाहकता वाढते, आणि क्लोराइडचे आयन पत्र्यावर संरक्षक थर टिकू देत नाहीत. तपासणीसाठी महागडे यंत्र लागत नाही. फडक्यात गुंडाळलेले एक लहान लोहचुंबक दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि डिकीचा तळ यांवरून फिरवावे; जिथे त्याची पकड अचानक सुटते, तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. चकचकीत रंगाची, ‘फुल रिस्टोअर’ म्हणून विकायला ठेवलेली गाडी या परीक्षेत सपशेल नापास झालेली अनेकदा दिसते.

गंज थांबवण्याचे सर्वांत स्वस्त उपाय कंटाळवाणे आहेत, म्हणूनच ते टाळले जातात. दारांच्या आणि पोकळ पेट्यांच्या तळाला पाणी निचरण्यासाठी कारखान्यातच भोके ठेवलेली असतात. ती मातीने बुजलेली असतील तर तारेने मोकळी करावीत. पावसाळा संपताच गाडीचा तळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा आणि दोन-तीन दिवस कोरड्या वाऱ्यात राहू द्यावा. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली असली की पोलादाचे गंजणे जवळजवळ थांबते. प्लॅस्टिकचे आच्छादन घातलेल्या गाडीत मात्र जमिनीतली ओल आत अडकते आणि रात्रीच्या गारव्यात तिचे पत्र्यावर दव होते. त्यामुळे वरून पत्र्याची शेड आणि चारी बाजूंनी वारा, ही व्यवस्था कोणत्याही कव्हरपेक्षा चांगली. जुन्या गंजावरच रबराचे अंडरकोटिंग मारून घेणे हा तर पैसे देऊन ओल कोंडण्याचा प्रकार आहे. त्याऐवजी पोकळ पेट्यांत पातळ मेणयुक्त द्रव फवारावा. तो जोडांच्या फटींत शिरतो आणि पाण्याला बाहेर ठेवतो. काळे, वापरलेले इंजिन ऑइल तळाला फासण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, कारण त्यात ज्वलनातून आलेली आम्ले असतात आणि त्वचेला घातक अशी संयुगेही असतात.

सुट्या भागांवरचा गंज काढण्यासाठी या उसाच्या पट्ट्यात एक विशेष सोय आहे. साखर कारखान्यातून निघणारी मळी (मोलॅसिस) पशुखाद्यातही वापरली जाते. तिचा एक भाग आणि पाण्याचे नऊ-दहा भाग अशा द्रावणात गंजलेला कंस (ब्रॅकेट), बिजागरी किंवा ब्रेकचा ड्रम एक ते तीन आठवडे बुडवून ठेवला, तर मळीतील सेंद्रिय घटक गंजातील लोहाला पकडून द्रावणात ओढून घेतात, आणि निखळ लोखंडावर मात्र त्यांचा परिणाम फारच मंद होतो. वास सहन करावा लागतो, हे खरे. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रधातूचे भाग, म्हणजे मुख्यतः पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, चुकूनही या पिंपात टाकू नयेत. ते खाल्ले जातात. घाई असेल तर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात भाग बुडवून त्याला बॅटरी चार्जरची ऋण तार आणि शेजारच्या साध्या लोखंडी पट्टीला धन तार जोडली की काही तासांत गंज सुटतो. पट्टीसाठी स्टेनलेस स्टील घेऊ नये, कारण त्यातील क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते. आणि हे काम उघड्यावरच करावे, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. स्प्रिंग आणि पाटे यांना ही पद्धत वर्ज्य आहे, कारण हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होते. जो गंज कोपऱ्यात राहूनच जातो, त्यावर टॅनिक आम्लाचे बाजारी द्रावण लावले की तो निळसर काळ्या, स्थिर संयुगात बदलतो. हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडले की काढा काळा होतो, त्यामागचे रसायन हेच.

पत्र्यानंतर पैसा ब्रेककडे वळवावा, आणि या घाटांच्या मुलखात तर त्यात जराही काटकसर करू नये. चारचौघांसह सुमारे १२०० किलो वजनाची गाडी चोर्ल्याच्या घाटातून समजा ६०० मीटर खाली उतरली, तर सुमारे ७० लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत वीसेक लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. गाडी टॉप गिअरमध्ये सोडून केवळ ब्रेकवर उतरवली की ही बहुतेक उष्णता ड्रममध्ये साठते, आणि चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीत ती लवकर बाहेर पडत नाही. ब्रेक ऑइल हे खरे तर खनिज तेल नव्हेच. ते ग्लायकॉल वर्गातले, हवेतली वाफ शोषून घेणारे द्रव्य आहे. डॉट-३ प्रकाराचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, आणि पायाखालचे पेडल तळाला टेकते. म्हणून दर दोन वर्षांनी संपूर्ण ऑइल बदलणे आणि घाट चढताना लागणाऱ्या गिअरमध्येच तो उतरणे, या दोन गोष्टींना पर्याय नाही. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरमधील रबरी वॉशर डिझेलने किंवा पेट्रोलने धुऊ नयेत. ते फुगून अडकतात. नव्या किटचा खर्च गाडीच्या एका चाकाच्या टायरपेक्षाही कमी असतो.

इंजिनाबाबत मेस्त्रीने ‘काम काढावे लागेल’ असे सांगितले, तरी आधी कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. प्रत्येक सिलिंडरचा दाब एकदा कोरडा मोजायचा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचा. दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांत किंवा बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भिंतीत) आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये असण्याची शक्यता अधिक, आणि मग केवळ हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून काम भागते. ही एक चाचणी पूर्ण ओव्हरहॉलिंगचा खर्च वाचवू शकते. बोअरिंग करणे अटळच असेल, तर बेळगावकरांना दूर जावे लागत नाही. उद्यमबाग आणि मच्छे या भागांत फाउंड्री, लेथ आणि ग्राइंडिंगचे कसब पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे, आणि न मिळणारा एखादा बुश किंवा कंस नमुन्यावरून तिथे बनवून मिळतो. बनवून घेण्याजोगे काय आणि विकतच घ्यावे असे काय, एवढे मात्र ओळखावे: स्टीअरिंगचे आणि ब्रेकचे भाग नमुन्यावरून बनवू नयेत, कारण तिथे आकाराइतकेच पोलादाच्या उष्णता-प्रक्रियेला महत्त्व असते.

थंड करण्याच्या यंत्रणेचे गणित सोपे आहे. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने पाणी येथे ९७-९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण चौरस इंचाला ७ पौंड दाब धरून ठेवणारे असेल, तर हा बिंदू आणखी सुमारे बारा अंशांनी वर जातो. झाकणाचे रबर कडक झाले की ही सवलत संपते, आणि लोक दोष रेडिएटरला देतात. बोअरवेलचे जड पाणी घातल्याने आत क्षाराचा थर जमतो व तो उष्णता अडवतो. लिंबूफुलाच्या सौम्य द्रावणाने तो काढता येतो. नंतर शुद्ध पाणी आणि कूलंटच वापरावे.

पेट्रोलमधील इथेनॉलचा प्रश्न या जिल्ह्याला दोन्ही बाजूंनी लागू आहे, कारण ते बनते इथल्या उसापासून आणि जाते इथल्याच गाड्यांत. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असल्याने त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते: पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग, तर इथेनॉलला केवळ ९ भाग. आधुनिक गाडीचा संगणक धुरातील प्राणवायू मोजून इंधन वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरला ती अक्कल नाही. म्हणून ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, इंधनावर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी विरळ पडते, इंजिन तापते आणि चढावर दम तोडते. कार्ब्युरेटरमधला मेन जेट (इंधन सोडणारे मुख्य छिद्र) एका मापाने मोठा करून प्लगचा रंग पाहावा. तो पांढुरका असेल तर मिश्रण अजून विरळ आहे, फिकट तपकिरी असेल तर ठीक आहे. त्याहून तातडीचे काम इंधनाच्या रबरी नळ्यांचे आहे. जुने रबर इथेनॉलमध्ये फुगते, मग तडकते, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकते. फ्लुरोइलास्टोमर जातीच्या नळ्या आणि पंपाचा नवा पडदा हा लहान खर्च पहिल्याच महिन्यात करावा. सन २००० पासून पेट्रोल शिसेविरहित झाल्याने ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये थेट कोरलेल्या व्हॉल्व्ह-सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकण्याच्या कडा, झिजतात, हेही खरे. पण त्यासाठी चालते हेड मुद्दाम उतरवू नये, उतरेल तेव्हा कडक सीट बसवून घ्यावी.

दिवे मंद वाटले म्हणून भारी बल्ब घालण्याआधी बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या तारा घासून स्वच्छ कराव्यात. व्होल्टेज दहा टक्के पडले तर बल्बचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, आणि जुन्या गाडीत एवढी घट एका गंजलेल्या नटाखालीच होते.

रंगाला हात लावायचा तो हे सगळे झाल्यावर, वर्षभर गाडी चालवून ओल कुठून येते ते कळल्यावर. आधुनिक दोन घटकांच्या रंगात आयसोसायनेट असते व ते श्वसनमार्गाला अपाय करते, त्यामुळे तो घरच्या अंगणात फवारण्याचा मोह टाळावा.

सीमाभागात कागदपत्रांचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा लागतो. कोल्हापूरकडची एमएच-०९ गाडी निपाणीत किंवा बेळगावात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असेल, तर ना-हरकत दाखला आणून कर्नाटकात नवा क्रमांक घ्यावा लागतो. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आहे. पण त्यासाठी गाडीच्या मूळ रूपात मोठा बदल झालेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तेव्हा जुने भाग भंगारात घालण्याची घाई करू नये. कोणताही मार्ग घेतला तरी चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळावे लागतात, आणि चेसिस क्रमांक ज्या पत्र्यावर ठोकलेला असतो, त्यालाही गंज चढतोच. तिथे ग्राइंडर कधीही लावू नये. गंज टॅनिक आम्लाने स्थिर करावा, अक्षरांवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा, छायाचित्र काढावे आणि मगच बाकीच्या पत्र्याचे काम मेस्त्रीच्या हाती द्यावे.