सोसायटीत बोअर मारायचीय? आधी एनओसीचं बघा

मे महिना आला की सोसायटीच्या ग्रुपवर एकच विषय, टँकर परवडत नाही, बोअर मारू. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत तर पाणाड्या हातावर नारळ ठेवून पार्किंगमधनं फिरूनही गेला, नारळ उभा राहिला तिथे चुन्याने फुली मारली, आणि बोअरवाला म्हणाला परवानगी वगैरे काही लागत नाही ओ.

लागते. केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे सप्टेंबर 2020 चे नियम आहेत. स्वतःच्या बंगल्यात घरगुती वापराला एनओसीतून सूट आहे आणि बोअरवाले तेच सोसायट्यांना ऐकवतात, पण अपार्टमेंट, सोसायटी त्या सुटीत बसत नाही, मग बोअर नवी असो की आधीपासून चालू असलेली. अर्ज ऑनलाइनच, भू-नीर पोर्टलवर.

मुख्य अट म्हणजे महापालिकेचं पाणी येत नाही किंवा पुरत नाही. तसं स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र द्यायचं. सोबत सही करणाऱ्याचं अधिकारपत्र (त्यासाठी ठराव आधीच करून ठेवा, नाहीतर कोरम जमेपर्यंत पावसाळा येतो), रेनवॉटर हार्वेस्टिंगची माहिती आणि पाण्याचा हिशोब.

या हिशोबातच लोक गडबडतात. समजा 40 फ्लॅट, 160 माणसं, माणशी 135 लिटर धरले तर दिवसाला 21,600 लिटर. पालिकेचं 12,000 येत असेल तर बोअरमधनं लागणार 9,600 लिटर, म्हणजे 9.6 घनमीटर, अर्जात हेच मागायचं. सरसकट 21.6 लिहून मोकळं होऊ नका, कारण 10 घनमीटरच्या वर गेलात की पिझोमीटर, म्हणजे फक्त पातळी मोजायला वेगळी बोअर घ्यावी लागते, आणि नवीन प्रोजेक्ट असेल तर 20 च्या वर एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, सक्तीचा.

एनओसी आली की 30 दिवसांत टेलिमेट्रीवाला (आकडे आपोआप ऑनलाइन पाठवणारा) डिजिटल मीटर बसवून तसं कळवायचं. उपसा शुल्क वेगळं. पातळी मात्र आम्ही स्वतःच बघतो, प्लंबर दर महिन्याला दोरीला नट बांधून बोअरमध्ये सोडतो, ओल लागते तिथपर्यंत टेपने मोजतो आणि वॉचमनच्या वहीत लिहितो. पंप मात्र रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजा, चालू पंपात आकडा भलताच येतो.

मुदत 5 वर्षं, पण त्याआधी पालिकेचं पुरेसं पाणी सुरू झालं तर एनओसी तिथेच संपते, हे बोअरवर पाच-सहा लाख घालायच्या आधीच मीटिंगमध्ये सांगून टाका.