मोकळं मन आणि मतच नसणं: गल्लत नेमकी कुठे होते

वाद रंगात आला की 'तसंही असेल, असंही असेल, आपण कोण सांगणारे' म्हणून चहाचा कप पुढे ओढणारा माणूस आपल्याकडे मोकळ्या मनाचा म्हणून मिरवतो. आणि जो आपलं मत सरळ सांगतो तो हेकट ठरतो. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत इतक्या पडव्यांवर हे ऐकलंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

हेकट माणसाबद्दल फार सांगायला नको. प्रत्येक भावकीत एक असतोच. मोजणी झाली, नकाशा आला, तरी 'बांध इथेच' म्हणणारा. त्याला कुणी मोकळ्या मनाचा समजत नाही. नवनवे पदार्थ खाणारा, फिरणारा, चार भाषांतली गाणी ऐकणारा, तो हौशी. हौस वेगळी, तिच्यावर वेळ घालवत नाही.

गल्लत होते ती मोकळ्या मनाच्या माणसात आणि मतच नसलेल्या माणसात, कारण बाहेरून दोघे सारखे दिसतात. दोघे आवाज चढवत नाहीत, दोघे समोरच्याला बोलू देतात, दोघांच्या तोंडून 'तुझंही बरोबर आहे' निघू शकतं. फरक कळतो तो एकाच प्रश्नाने: काय दिसलं तर तुझं मत बदलेल? मोकळ्या मनाच्या माणसाकडे याचं उत्तर आधीपासून असतं. दुसऱ्याकडे नसतं, कारण बदलायला मत तर हवं!

कल्टारचं घ्या, म्हणजे आंब्याच्या झाडाची वाढ रोखून मोहोर आणणाऱ्या औषधाचं. हापूस मुळात एका वर्षाआड भरघोस धरणारा. पावसाळ्यात कलमाच्या बुंध्याभोवती कल्टार दिलं की झाडातलं वाढीचं संप्रेरक अडतं, पालवी कमी फुटते आणि मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. मात्रा झाडाच्या घेरावर ठरते, आणि त्यासोबत खतही वाढवावं लागतं. आमच्या वाडीतले एक काका कल्टारच्या कट्टर विरोधात. 'झाड पिळून काढतात' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण त्यांनीच सारख्या वयाची काही कलमं वेगळी काढली, निम्म्यांना घेर मोजून कल्टार घातलं, निम्मी तशीच ठेवली, शेणखत सगळ्यांना सारखं. म्हणाले, 'पालवी आखूड झाली, फांद्या वाळायला लागल्या तर मी बरोबर. नाही झालं तर गप्प बसेन.' बोलताना मात्र एक शब्द मऊ करत नाहीत. नवख्याला वाटेल, काय हट्टी म्हातारा आहे.

त्यांचे शेजारी अगदी गोड बोलतात. कल्टार चांगलं, न घालणंही चांगलं, ज्याचं त्याला ठाऊक. आणि बाग कराराने घेणारा आला, भराभर पीक काढायचं म्हणून त्याने मात्रा वाढवली, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. बोलणार कशावरून? कुठल्याही बाजूला न झुकणारा माणूस शेवटी ज्याचा रेटा जास्त त्याच्याकडे जातो. कलम त्याचं असतं, निर्णय दुसऱ्याचा. मला या गोडव्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

दुसरी खूण, आणि ही तर फारच कमी लोक बघतात: मत किती सरकलं. 'अरबी समुद्रातलं वादळ गुजरातकडे नाहीतर ओमानकडे जातं, आपल्याकडे येत नाही' हे किनाऱ्यावरचं जुनं मत. ते हवेतून आलेलं नव्हतं, बऱ्याच वादळांचं तसंच झालेलं आहे. मग नोव्हेंबर 2009 मध्ये फयान आलं, समुद्रात असलेल्या बोटी आणि माणसं गेली. हेकट म्हणाला, ते एखादंच. मत नसलेला म्हणाला, निसर्गापुढे कुणाचं काय चालतं. ऐकायला किती शहाणं वाटतं! पण त्या वाक्यावरून पत्रा बांधायचा की नाही ते कळत नाही. मोकळ्या मनाच्या माणसाने मत टाकून दिलं नाही, 'येत नाही'चं 'क्वचित येतं' केलं, आणि इशारा आला की बोट वर ओढायची एवढं त्यातून काढलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. दापोली-मंडणगडपर्यंतच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. बोट वाचवता येते, पोफळी नाही, तेव्हा त्याचंही नुकसान झालंच. मन मोकळं असलं म्हणून वादळ चुकत नाही.

उलट बाजूही सांगतो. ऐकून घेतलं म्हणजे मत बदललंच पाहिजे, असंही नाही. नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने 1981 मध्ये रत्ना आणला. त्यात साका, म्हणजे आतला गर खराब होणं, होत नाही. हापूस बाहेरून केशरी, घमघमीत, आणि कापल्यावर आत कोयीपाशी पांढरट, फोफशी, आंबूस फोड निघाली की कसं वाटतं ते पेटी विकत घेणाऱ्याला विचारा. हा मुद्दा रत्नाचा, मान्य. मी तो खातो आणि चांगला असतो हेही सांगतो. तरी माझा आंबा हापूसच. रत्ना जिभेलाही न लावता त्याला नावं ठेवणारा आणि मी, शेवटी एकच पेटी घरी आणतो. पण आम्ही दोघे एका माळेचे मणी नाही.

गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचं 'तुम्ही जरा ओपन माइंडेड व्हा' हे वाक्य तर मला पाठ झालंय. दहात नऊ वेळा त्याचा अर्थ 'माझं ऐका' एवढाच असतो. मी त्यांना वरचा प्रश्न परत करतो: तुमचं मत काय दिसलं तर बदलेल? कुणी खरंच उत्तर दिलं तर आरती होईपर्यंत बसून बोलतो, आणि मजा येते. नाही दिलं तर परतीचं तिकीट कन्फर्म झालं का ते विचारतो. त्यावर मात्र प्रत्येकाचं ठाम मत असतं.