घराची तपासणी

घर विकत घेण्यापूर्वी, ताबा घेताना किंवा मोठी दुरुस्ती काढण्याआधी त्याचा सांगाडा, ओल, नळकाम, सांडपाण्याची व्यवस्था आणि वीजजोडणी यांची जागेवर केलेली पाहणी. महाराष्ट्रात आरसीसी फ्लॅट, लाकडी सांगाड्याची चाळ, वाडा, बंगला आणि कौलारू घर एकाच तालुक्यात सापडतात. म्हणून तपासनीस आधी भार कोण वाहतो ते ओळखतो: कॉलम-बीम, लाकडी खांब-तुळया की भिंतीच. त्यानंतर पाणी कुठून शिरते त्याचा माग काढतो. घरांचे बहुतेक गंभीर दोष या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथेच निघतात.

नवा फ्लॅट : सांगाडा प्लास्टरखाली झाकलेला असल्याने इथे भर कामाच्या दर्जावर असतो. फरशीवर काठीने ठोकत गेल्यास खाली पोकळी असलेली लादी बद्द वाजते. अशी लादी पुढे वजनाने तडकते. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला बूच मारून २४ तास पाणी साठवतात आणि खालच्या मजल्याचे छत पाहतात. नंतर बूच काढल्यावर पाणी दाराकडे वळले, तर उतार चुकला आहे आणि फरशी उखडण्याखेरीज इलाज नाही. खिडकीची बाहेरची पट्टी बाहेर उतरती हवी. आत कललेली असेल तर पहिल्याच पावसाळ्यात खिडकीखाली पोपडे येतात. शक्य असेल तर पाहणी जुलै-ऑगस्टमध्येच करावी. एप्रिलमध्ये ताजा रंग लावलेली भिंत काहीच सांगत नाही.

विजेच्या पॉइंटवर फेज-न्यूट्रल व्होल्टेज २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ अगदी थोडे हवे. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा आहे ना ते पाहून टेस्टचे बटण दाबतात. बटणाने फक्त ते उपकरण चालू असल्याचे कळते, अर्थिंग ठीक असल्याचे नाही. ते वेगळे मोजावे लागते. स्थावर मालमत्ता क्षेत्राचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्याने (२०१६) ताब्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. म्हणून प्रत्येक दोष फोटोसह लेखी कळवणे महत्त्वाचे.

जुना फ्लॅट : मुख्य शत्रू सळईचा गंज. हवेतील कार्बन डायऑक्साइडने सळईला गंजापासून राखणारा काँक्रीटचा अल्कधर्म कमी होतो, समुद्राजवळ खाऱ्या हवेची भर पडते आणि गंजलेली सळई फुगून वरचे काँक्रीट फोडते. सळईच्या दिशेने सरळ धावणारी चीर हे त्याचे पहिले लक्षण. ती बहुधा संडास-बाथरूमच्या खालच्या स्लॅबला किंवा बाल्कनीच्या बीमला दिसते. तिथे पीओपीचे छत असेल तर एखादा भाग काढून पाहिल्याशिवाय अहवाल देऊ नये. ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंगदर्शक रसायन फवारले की निरोगी भाग गुलाबी होतो आणि अल्कधर्म गेलेला भाग रंगहीन राहतो. पृष्ठभागावर आदळून त्याचा कडकपणा मोजणाऱ्या रिबाउंड हॅमरचा आकडा एकटा धरू नये, कारण कार्बोनेशनमुळे, म्हणजे वरच्या कार्बन डायऑक्साइडच्या क्रियेमुळे, पृष्ठभाग कडक होऊन तो फसवा चढतो. जोडीला काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजणारी अल्ट्रासॉनिक चाचणी घेतात: सेकंदाला ३.५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग चांगला, ३ पेक्षा कमी शंकास्पद.

इथून पुढचे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याची तज्ज्ञ तपासणी, होते. मुंबईत इमारत 'सी-१' या अतिधोकादायक वर्गात गेली म्हणजे ती रिकामी करून पाडायची. मात्र वयावर विसंबणे धोक्याचे आहे. २०२० मध्ये महाडला कोसळलेली पाच मजली इमारत दहा वर्षांचीही नव्हती.

चाळ आणि वाडा : तुळई मध्यभागी ठणठणीत दिसते आणि भिंतीत रुतलेल्या टोकाला कुजलेली असते. म्हणून टोकाशी, विशेषतः मोरी व सामाईक संडासालगत, स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहतात. तो सहज आत गेला की लाकूड संपले. मागाहून वाढलेले वजनही तपासतात: पोटमाळा, पाण्याची टाकी, जुन्या कोब्यावर चढवलेली लादी. तळमजल्यावर दुकानासाठी भिंत पाडली असेल, तर वरच्या सर्व मजल्यांची पाहणी बदलते.

काळ्या मातीवरचा बंगला : ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी उतरणारी भेग पायाची हालचाल दाखवते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहितात; पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. छतावरच्या पाण्याचा पाइप जोत्यापाशीच सुटलेला असेल, तर आधी तो दूर न्यावा, मग भेग भरावी.

माळवद : मातीच्या जड छताचे दगडी घर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्यातील अशा घरांनी हजारो माणसे गाडली. दगडाच्या दोन पदरांत मातीगाळ भरलेली जाड भिंत आणि डोक्यावर लाकडावर अंथरलेला मातीचा जड थर, अशी ही रचना. दोन्ही पदरांना बांधणारे, भिंतीच्या पूर्ण जाडीचे दगड नसतील तर धक्क्याने पदर सुटे होतात. भिंतीला फुगवटा दिसणे म्हणजे ते सुटू लागले आहेत. छतावर डागडुजीसाठी माती चढत गेलेली असते; तिची जाडी मोजणे आणि शक्य तितकी उतरवणे हे इथले पहिले काम.

कोकणातील कौलारू घर : दिवसा माळ्यावर अंधारात थांबले की फुटके वा सरकलेले कौल उजेडाच्या ठिपक्याने कळते; त्याखालची रीप आणि वासा हाताने चाचपतात. जांभा पाणी शोषतो, म्हणून जोत्यालगतची ओल किती उंच चढली ते मोजतात. भिंतीवरून चढलेली वाळवीची मातीची नळी मोडून आठवड्याने पुन्हा पाहतात. ती परत बांधलेली असेल तर वाळवी जिवंत आहे, आणि औषध लाकडाबरोबरच जोत्याभोवतीच्या मातीतही द्यावे लागते.