ओल्ड-टाइम फिडल : ऐकून शिकणे व स्वरलेखन

अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन डोंगराळ प्रदेशात नाचाच्या साथीला वाजणारी व्हायोलिनची जुनी धून कानाने उचलण्याची, आणि पुढे ती कागदावर उतरवण्याची पद्धत. ‘ओल्ड-टाइम’ नावाच्या या परंपरेत व्हायोलिनला फिडल म्हणतात. विद्या बहुधा घरातच मिळे. नॉर्थ कॅरोलायनातील टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) हे वडील बेन जॅरेल यांचे ऐकून शिकले. टॉमी यांच्या म्हातारपणी त्यांच्याच घरी शहरांतली तरुण मुले मुक्कामाला येऊ लागली.

धून सहसा दोन भागांची असते, एक वरच्या स्वरांत, दुसरा खालच्या, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. शिकणारा आधी ती गुणगुणता येईपर्यंत ऐकतो. मग तारा कशा लावल्या आहेत ते शोधतो, कारण खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवून ‘ए-ई-ए-ई’ (ही पाश्चात्त्य स्वरनावे) अशी जुळणीही सर्रास असते. मोकळ्या तारेची घुमणारी आस कानाने टिपली की ती जुळणी ओळखता येते. काही धुनांत एखादी मात्रा जास्त किंवा कमी असते. अशा धुनेला ‘क्रुकेड’, म्हणजे वाकडी, म्हणतात, आणि ती चूक समजून सरळ करणे म्हणजे धून बिघडवणे होय.

सर्वांत अवघड असतो गज, म्हणजे तारांवर ओढायची काठी. स्वर सापडले तरी कुठे गज उलटला, कुठे दोन स्वर एका ओढीत घेतले, यावरच नाचाचा ठेका उभा राहतो. टेप निम्म्या वेगाने लावली की धून बरोबर एक सप्तक खाली येते. जुन्या अभ्यासकांना त्याचाच आधार होता. आता संगणकावर स्वर न उतरवता वेग कमी करता येतो.

स्वरलेखनात शुद्ध आणि कोमल यांच्या मधला गंधार बसत नाही, आणि दर फेरीला बदलणारी धून एकाच फेरीपुरती गोठते. तरीही लिहिलेली धून फार दूर जाते. १९३७ मध्ये केंटकीच्या सॅलियर्सव्हिल येथे लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी फिडलवादक डब्ल्यू. एच. स्टेप यांची ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ध्वनिमुद्रित केली. ती एरवी संथ कूचधून म्हणून वाजे. स्टेप यांनी ती भरधाव वाजवली. संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी त्या ध्वनिमुद्रणावरून केलेले लेखन १९४१ मध्ये छापले गेले, आणि अमेरिकन संगीतकार आरन कोपलँड यांनी १९४२ च्या ‘रोडिओ’ या बॅलेतील ‘होडाउन’मध्ये ती धून घेतली. जगभरच्या वाद्यवृंदांत आज ऐकू येते ती एका डोंगरी वादकाने त्या दिवशी वाजवलेली चाल, पण त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

व्हर्जिनियातील ग्लेन लिनचे फिडलवादक हेन्री रीड (१८८४–१९६८) यांच्याकडे १९६६ पासून लोकसंगीताचे अभ्यासक अ‍ॅलन जबूर ध्वनिमुद्रणे करू लागले. जबूर स्वतः फिडल वाजवत. रीड यांच्याकडून घेतलेल्या धुना त्यांनी हॉलो रॉक स्ट्रिंग बँडमधून वाजवल्या आणि त्या देशभर पसरल्या. ही ध्वनिमुद्रणे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने इंटरनेटवर खुली केली आहेत. लिहिलेली धून हाती असली तरी शिकणाऱ्याने आधी ध्वनिमुद्रणेच ऐकावीत.