बटनावरची अक्षरे काळीच राहतात का?

व्हिज्युअल बेसिक ६ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग भाषेत बटनावरील अक्षरांचा रंग बदलत नाही, त्यासाठी बाहेरचे कंट्रोल (फॉर्मवर ठेवायचा तयार घटक) विकतच घ्यावे लागते, असा समज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. तो टिकला, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. १९९८ च्या या आवृत्तीत लेबल आणि टेक्स्ट बॉक्स यांना फोरकलर हा अक्षरांचा रंग ठरवणारा गुणधर्म आहे, कमांड बटनाला मात्र नाही. त्याची स्टाइल ग्राफिकल केली तरी बॅककलरने केवळ पार्श्वभूमी रंगते.

चुकतो तो विकत घेण्याचा निष्कर्ष. चेकबॉक्सला फोरकलर आहे आणि त्याची स्टाइल १, म्हणजे ग्राफिकल, केली की टिकेची चौकट जाऊन तो बटनासारखाच दिसतो. समजा, लातूरच्या एखाद्या आडत दुकानासाठी सोयाबीनच्या हिशेबपट्ट्यांचा फॉर्म करायचा आहे आणि त्यावर ‘थकबाकी’ हे बटन लाल अक्षरांत हवे आहे. तेथे हा उपाय पुरतो. मात्र असा चेकबॉक्स दाबल्यावर दबलेलाच राहतो, म्हणून क्लिकच्या कोडमध्ये त्याची व्हॅल्यू शून्य करावी लागते, आणि ती शून्य होताच तोच कोड पुन्हा चालतो (नवशिके हमखास येथेच अडखळतात). त्यामुळे व्हॅल्यू आधीच शून्य असल्यास पहिल्याच ओळीतून बाहेर पडावे.

पडताळणीसाठी रिकाम्या फॉर्मवर दोन्ही कंट्रोल ठेवून एकेक निवडावे आणि एफ४ दाबून गुणधर्मांची यादी पाहावी. २००२ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकच्या डॉटनेट आवृत्तीपासून तर बटनालाच फोरकलर मिळाला आहे.